आगरातला देवकापूस: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात समईच्या वातींबद्दल लिहिताना देवकापसाचा, म्हणजे वातींसाठी परसात राखतात त्या कापसाच्या झाडाचा, ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्यात आंबा-काजूची टपालं बाजूला ठेवून फक्त कापसाचीच घेते आहे. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, कपाशीच्या मुलखातलं, आणि सासर दापोलीजवळ समुद्राकाठचं. त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे.

मालवण तालुक्यातून एक वाचक लिहितात: आमच्या मागीलदारी, न्हाणीघराला लागून, सासूबाईंनी लावलेलं देवकापसाचं झाड आहे. माणसाहून उंच झालंय. बोंडं भरपूर धरतात, पण भाद्रपद-आश्विनात निम्मी काळी पडून झाडावरच कुजतात. जी फुटतात त्यांतला कापूस पिवळट, चिकट निघतो. कार्तिकात वातींना स्वच्छ कापूस मिळावा म्हणून काय करू?

वहिनी, तुमच्या झाडाला रोग नाही. त्याचा हंगाम आणि आपला पाऊस यांची गाठ पडतेय, एवढंच. बोंड पिकल्यावर त्याची साल वाळते, वाळताना आक्रसते आणि शिवणीवर उकलते. हवा दमट राहिली तर साल वाळतच नाही. बोंड अर्धवट तोंड उघडतं, आत पाणी शिरतं, बुरशी धरते आणि कापसाच्या पाकळ्या, म्हणजे बोंडातले सरकीसकटचे पुंजके, आतल्या आत घट्ट, पिवळ्या होऊन बसतात. आमच्या माहेरी अशा कापसाला कवडी म्हणतात आणि तो चांगल्या कापसात कधीच मिसळू देत नाहीत.

आता हिशेब बघा. फूल लागल्यापासून बोंड फुटायला साधारण दीड ते पावणेदोन महिने लागतात. श्रावणात आलेलं फूल आश्विनात फुटणार, आणि आपल्याकडे आश्विनातही सरी असतात. तेव्हा श्रावणातली फुलं झाडाला धरू द्यायचीच नाहीत. मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, झाड कमरेएवढं छाटा. जुलै-ऑगस्टमध्ये नवे फुटवे वीतभर झाले की त्यांचे शेंडे खुडत राहा आणि मधूनच पाती दिसली तर तीही काढा. पाती म्हणजे फूल व्हायच्या आधीची ती तिकोनी हिरवी कळी. गणपती गेले की हात आखडता घ्या. मग फुलं सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतील आणि पहिली बोंडं नोव्हेंबरच्या मध्यापासून कोरड्या हवेत उमलतील.

याचा अर्थ असा की या कार्तिकाला फारसा ताजा कापूस हाती लागणार नाही. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत मिळेल तो साठवून पुढच्या कार्तिकाला वापरायचा. कोरडा ठेवलेला कापूस वर्षभरच काय, त्याहून जास्त टिकतो.

झाड न्हाणीघराला लागून आहे हे वाचून थोडी काळजी वाटली. कपाशीला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. पागोळीचं आणि न्हाणीचं पाणी वळवून दुसऱ्या झाडांना द्या, माडाला द्या, केळीला द्या. बुंध्याशी मातीची भर घाला. आपली जांभी माती आंबट असते आणि कपाशीला ती तितकी मानवत नाही, म्हणून वर्षातून एकदा मूठ-दोन मुठी शिंपल्यांचा चुना किंवा चुलीतली राख आळ्यात मिसळा. खाऱ्या वाऱ्याची मात्र चिंता करू नका. क्षार सोसण्यात कपाशी बऱ्याच पिकांहून चिवट आहे.

वेचण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते, कारण निम्मा कापूस तिथे बिघडतो. माहेरी दसऱ्या-दिवाळीपासून वेचणी सुरू व्हायची. बाया कमरेला धोतराच्या फडक्याची खोळ बांधून ओळीने निघायच्या. भल्या पहाटे वेचलं तर दवाने कापूस ओला लागतो, आणि भर दुपारी वेचलं तर बोंडाखालची वाळलेली पानं हाताखाली चुरतात. तो चुरा एकदा कापसात गेला की कितीही झटका, जात नाही. दव उडाल्यावर आणि उन्हं चढायच्या आत, ही वेचणीची घटका. बोंड पुरतं उमललेलं हवं. एका हाताने बोंडाखालची डहाळी धरायची, दुसऱ्या हाताच्या तीन बोटांनी सगळ्या पाकळ्या एकदम उचलायच्या, बोंडाचं टरफल झाडावरच राहू द्यायचं. जमिनीवर पडलेला वेगळा ठेवायचा. घरी आणून दोन उन्हं द्या, मग कापडी पिशवीत भरा. प्लास्टिकच्या पिशवीत कापूस घामेजतो.

वातींसाठी सरकी हातानेच काढा. पाकळी दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून तंतू बाहेरच्या बाजूला उलगडत न्यायचे, म्हणजे सरकी मधोमध उघडी पडते आणि तंतू तिच्यापासून एका दिशेने सुटतात. ओढाताण केली तर सरकीवरची बारीक लव तंतूंबरोबर निघते आणि वातीला गाठी येतात. माझ्या सासूबाई असा सोललेला कापूस तळहाताएवढ्या पातळ पदरात पसरायच्या, बोटांना किंचित भस्म लावायच्या आणि मधला तंतू चिमटीत वर खेचून फुलवातीचं टोक काढायच्या. गणपतीच्या आधीच्या दुपारी त्यांची हीच बैठक असायची, वस्त्रमाळाही तिथेच व्हायच्या. हळद-कुंकवाची बोटं लावलेली ती माळ घरच्या कापसाची असली की त्यांना फार समाधान वाटायचं. आज तयार वातींची पाकिटं वाण्याकडे मिळतात, आणि परसातली झाडं तोडली जाताहेत. मला याचं खरंच वाईट वाटतं. तुम्ही झाड राखलंत, त्याबद्दल तुमचे आभार मानावेसे वाटतात.

गुहागरहून: आमच्याकडे दोन घरी दोन तऱ्हेचा देवकापूस आहे. एकाची सरकी सुटी, करड्या लवेची. दुसऱ्याची काळी, गुळगुळीत आणि सात-आठ सरक्या एकमेकींना चिकटून एक गठ्ठा झालेला. दोन्ही देवकापूसच का? आणि मूळचा आपला कोणता?

फार नेमकं पाहिलंत. दोन्ही कापूसच, पण दोन वेगळ्या जातींचे आणि दोन वेगळ्या खंडांतले.

सुट्या, लवदार सरकीचा तो आपला जुना भारतीय, गॉसिपियम आर्बोरियम. त्याची पानं हाताच्या बोटांसारखी खोल चिरलेली असतात, बोंड लहान, निमुळतं, खाली मान घातलेलं. कापूस आखूड आणि जाडसर, म्हणून वातींना आणि औषधी कापसाला उत्तम. चिकट्या सरकीचा तो गॉसिपियम बार्बाडेन्स, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पानं रुंद, फूल पिवळं आणि पाकळीच्या तळाशी जांभळा ठिपका, कळीभोवतीच्या पानांना लांब दाते. सरक्यांचा तो गठ्ठा मूत्रपिंडाच्या आकाराचा दिसतो, ही त्याच्या एका जुन्या प्रकाराची खूण. सरकी नागडी असल्याने कापूस चटकन सुटतो. काजू, पपई, मिरची, अननस यांच्यासारखाच हाही अमेरिकेकडचा पाहुणा. म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे जहाजांची ये-जा सुरू झाली, त्यानंतरच इकडे आलेला.

जगात माणसाने कापसाच्या चार जाती लागवडीखाली आणल्या. दोन आशिया-आफ्रिकेकडच्या, दोन अमेरिकेकडच्या. बलुचिस्तानात मेहरगढ इथे तांब्याच्या एका मण्याच्या भोकात कापसाचे धागे सापडले, ते इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकातले. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला. तिकडे पेरूच्या किनाऱ्यावरची माणसंही हजारो वर्षांपूर्वी कापूस कातत होती. एकमेकांची वार्ता नसताना दोन्हीकडच्या लोकांनी सरकीवरच्या या केसांपासून सूत काढलं, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

त्याहून नवलाची गोष्ट झाडांच्या पोटात आहे. आपल्या देशी कपाशीच्या पेशीत गुणसूत्रांच्या 13 जोड्या, अमेरिकेतल्या लागवडीच्या कपाशीत 26. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातल्या कपाशीच्या वंशाचा अमेरिकेतल्या एका रानटी कपाशीशी संकर झाला आणि दोघांची गुणसूत्रं एकत्र नांदली. म्हणजे गुहागरच्या तुमच्या दोन घरांतली झाडं दूरची नातेवाईकच. त्यांचा आपसात संकर मात्र सहसा तगत नाही, म्हणून दोन्हीची सरकी शेजारी शेजारी राहूनही शुद्ध राहते.

घाटावर आज शेतात दिसते ती बहुतेक सगळी तिसरी जात, मेक्सिकोकडची गॉसिपियम हिरसुटम. स्वातंत्र्याच्या वेळी देशातलं जवळजवळ सगळं क्षेत्र देशी जातींखाली होतं, आता देशी कापूस शोधावा लागतो. गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता, हे त्याचं मोठं कारण. तेव्हा तुमच्या शेजारच्या घरचं ते आर्बोरियम जपा, त्याची सरकी फेकू नका.

राजापूर तालुक्यातून एक तरुण शेतकरी: मुंबई सोडून गावी आलोय. घरची दोन एकर कातळाची जमीन पडून आहे. कापसाला भाव चांगला ऐकतो. लावू का?

नको. मनापासून सांगते, नको. कपाशी हे काळ्या, खोल, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीचं पीक आहे. तिचं सोटमूळ खोल जातं, तुमच्या कातळावर ते वीतभरात थांबेल. विदर्भात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, आपल्याकडे तीन हजारांच्या पुढे. शिवाय एकट्याने लावलेल्या दोन एकरांचा कापूस विकणार कुठे? जवळ ना जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, ना खरेदी केंद्र. घाटावरच्या शेतकऱ्याच्या हातात तरी काय उरतं हे माझ्या भावांकडे पाहते. 2002 मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या वाणाला, परवानगी मिळाली, काही वर्षं बोंडअळी आवाक्यात राहिली. पुढे गुलाबी बोंडअळी त्या वाणालाही सरावली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात तिने शेतंच्या शेतं पोखरली. बियाणं दर वर्षी विकत, फवारणी विकत, वेचणीची मजुरी किलोवर. त्या कातळावर काजू, कोकम लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाऊन माती दाखवा. हौस म्हणून घराशी चार झाडं देवकापसाची लावलीत तर मात्र मला आनंदच आहे.

सावंतवाडीहून सातवीतली एक विद्यार्थिनी: आम्ही एप्रिलमध्ये काटेसावरीचा कापूस गोळा केला. आजीने उशी केली. मी टकळीवर सूत काढायला बघितलं, तर ते सारखं तुटलं. असं का?

तू करून बघितलंस, हे फार आवडलं. सावरीचा कापूस आणि कपाशीचा कापूस दिसायला भावंडं, पण जन्म वेगळा. कपाशीत प्रत्येक तंतू सरकीच्या सालीवरच्या एकाच पेशीपासून वाढतो. आधी तीनेक आठवडे लांब होतो, मग आतून भिंत जाड होत जाते. बोंड फुटून वाळलं की ती गोल नळी चपटी होते आणि पिळलेल्या फितीसारखी वळते. हे पीळ एकमेकांत अडकतात, म्हणून सूत धरतं. सावरीचा तंतू फळाच्या आतल्या सालीवर उगवतो. तो वाळला तरी गोल, गुळगुळीत आणि आतून पोकळच राहतो. अडकायला काही नसल्याने एकमेकांवरून घसरतो, आणि ठिसूळ असल्याने तुटतो. त्या पोकळीत हवा असते, म्हणून उशी हलकी आणि मऊ. पांढऱ्या सावरीच्या कापसाने तर पूर्वी बोटीवरची जीवरक्षक जाकिटं भरायचे.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर दोन्हींचा एकेक तंतू काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून बघ. आणि आणखी एक कर: झाडावरचा कच्चा कापूस आणि औषधाच्या दुकानातला कापूस, दोन्हींचे बोळे वाटीभर पाण्यात टाक. पहिला तरंगत राहील, दुसरा भिजून बुडेल. कच्च्या तंतूवर मेणाचा थर असतो. औषधी कापूस अल्कलीत उकळून ते मेण काढून टाकलेलं असतं. काय दिसलं ते मला कळव.

लांज्याहून: झाडावर लाल-काळे ढेकणासारखे किडे झुंडीने आलेत. आणि निघालेली सरकी कोंबड्यांना घालू का?

कोंबड्यांना अजिबात घालू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. मोठ्या गाई-म्हशींना ते बेताच्या प्रमाणात पचतं, म्हणून सरकीची पेंड त्यांना चालते. कोंबड्या, डुकरं आणि लहान वासरांना ते बाधतं. किडे म्हणताय ते तांबडे ढेकूण. उमलत्या बोंडातली सरकी सोंडेने शोषतात आणि कापसावर डाग पाडतात. भेंडी, अंबाडी, सावर हेही त्यांचं घर, तेव्हा जवळ भेंडी असेल तर तीही तपासा. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात. फांदीखाली साबणाच्या पाण्याची बादली धरून फांदी झटका. चार-पाच सकाळी हे केलं की फवारणीची गरज पडत नाही. एखादं फूल न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं दिसलं तर ती डोमकळी, आत गुलाबी अळी असते. तोडून जाळून टाका.

लालबागहून, मूळचे संगमेश्वरचे एक वाचक: माझे आजोबा गिरणीत ब्लोरूममध्ये होते. शेवटी खोकल्यानेच गेले. आमच्या गावात कापसाचं एक झाड मी पाहिलं नाही. मग आमचा आणि कापसाचा संबंध आला कसा?

तुमचं पत्र वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. कोकणात कापूस पिकला नाही, तरी घाटावरचा कापूस आणि कापड फार पूर्वीपासून कोकणातूनही समुद्राला मिळत आलं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वर्णनात कल्याण आणि चौल ही आपली बंदरं आहेत, आणि पैठण-तेरकडून गाड्यांनी गुजरातेतल्या भडोचला जाणाऱ्या मालात सुती कापडाचा उल्लेख आहे.

तुमच्या आजोबांची गोष्ट सुरू होते ती 1854 मध्ये. त्या वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली सूतगिरणी काढायला घेतली, ती 1856 मध्ये ताडदेवला चालू झाली. पुढे 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्या बहुतांश अमेरिकन कापसावर चालत, तो अडकला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच 1865 मध्ये बाजार कोसळला, सट्ट्यात अडकलेल्या पेढ्या बुडाल्या. पण तोवर आगगाडी घाट चढली होती आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस गाठीगाठींनी मुंबईत यायला लागला होता. कॉटन ग्रीन हे हार्बरवरचं स्टेशन त्याच बाजाराचं नाव अजून सांभाळून आहे. गिरण्या वाढल्या, आणि रत्नागिरीच्या भातखाचरावर न भागणारी घरं बोटीने मुंबईला माणसं पाठवू लागली. म्हणजे माझ्या माहेरच्या बायांनी वेचलेला कापूस तुमच्या आजोबांच्या हाताखालून गेलेला असू शकतो. हे मी सहज म्हणत नाही, मला ते खरंच वाटतं.

ब्लोरूममध्ये गाठी फोडून दाबलेला कापूस मोकळा करत, माती-कचरा झाडत. त्यानंतर कार्डिंग, म्हणजे तंतू विंचरणं. गिरणीतली सगळ्यात जास्त धूळ याच दोन खात्यांत. वर्षानुवर्षं ती श्वासातून गेली की बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. छाती आवळते, आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की त्रास जास्त होतो. सुरुवातीला सोमवारपुरता असलेला तो त्रास हळूहळू आठवडाभराचा होतो. पुष्कळांच्या कागदावर नुसता दमा लिहिला गेला. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर अडीच लाखांच्या आसपास कामगारांची ती दुनियाच उठली, त्यांच्या खोकल्याचा हिशेबही राहून गेला. तुमच्या घरात आजोबांचं कामाचं कार्ड, दवाखान्याचे कागद असतील तर लॅमिनेट करू नका, आम्लरहित कागदात ठेवा आणि त्यांनी कोणत्या खात्यात किती वर्षं काढली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

बऱ्याच जणांनी विचारलंय: देवकापसाची सरकी कशी आणि कधी लावायची?

शेजारी कुणाकडे झाड असेल त्यांच्याकडूनच घ्या, आपल्या हवेत वाढलेल्या झाडाची सरकी केव्हाही बरी. माघ-फाल्गुनात, चांगल्या टपोऱ्या बोंडातली निवडा. पाण्यात टाकून तरंगणारी काढून टाका. लवदार सरकी एकमेकींना चिकटते, म्हणून शेणकाल्यात घोळून सावलीत वाळवा, दाणे सुटे होतात. चिकट्या सरकीचा गठ्ठा तसाच न पेरता हाताने सोडवून घ्या. जूनच्या सुरुवातीला पिशवीत दोन-दोन दाणे, बोटाच्या पेराएवढे खोल, आणि पिशवी पावसाच्या माऱ्यात न ठेवता पडवीच्या कडेला उजेडात. आठवड्याभरात उगवतात. सशक्त रोप ठेवून दुसरं उपटा. ऑगस्टच्या अखेरीस पाऊस ओसरला की दिवसभर ऊन मिळेल अशा उंचवट्यावर लावा. पहिल्या वर्षी मोजकीच बोंडं येतील. त्यातली निम्मी सरकी पुढच्या जूनसाठी कागदी पुडीत ठेवा आणि पुडीवर झाड कुणाच्या घरचं ते लिहा.